संघ पावसाळ्यात घडतो

संपादक मंडळाने मला शाळेच्या आठवणी लिहायला सांगितल्या होत्या. आठवणी माझ्यापेक्षा चांगल्या लिहिणारे आपल्या १९८९च्या दहावीच्या तुकडीत पुष्कळ आहेत. मला येते ते एकच. फुटबॉलवर बोलणे, आणि त्यातही धेंपोवर. म्हणून धेंपोचा इतिहासच लिहायला घेतला आहे. शाळा त्यात येणारच, कारण हा धडा सरांनी आम्हाला शाळेच्या मैदानावर आधीच दिला होता. मीच तो विसरलो, आणि त्यापायी एक मित्र गमावून बसलो.

डिचोलीबाहेर स्थायिक झालेल्यांना कदाचित आठवत नसेल, पण धेंपो स्पोर्ट्स क्लबचे मूळ आपल्या डिचोलीत आहे. १९६०च्या दशकात इथल्या एका क्लबातून तो उभा राहिला, मग धेंपो उद्योगसमूहाने तो हाती घेतला आणि आजचे नाव मिळाले. आपण शाळेत होतो तेव्हा घरी कोंकणी, वर्गात मराठी आणि मधल्या सुट्टीत फक्त फुटबॉल, असा आपला दिवस असे. भातकापणी झाली की शेतात खुंट उभे करून गोल तयार व्हायचे. वर्गात अर्धे धेंपोचे आणि अर्धे साळगावकरचे. साळगावकरवाल्यांकडे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर होते, त्यामुळे वादात त्यांचा आवाज मोठा.

गोव्यात मोठ्या फुटबॉलचा हंगाम पाऊस ओसरता ओसरता सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. मधले तीन महिने प्रेक्षकाला वाटते की काही घडत नाही. मैदानात पाणी, वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर क्रिकेट. पण संघ घडतो तो तेव्हाच. कोणाचा करार वाढवायचा, कोणाला सोडायचे, कोलकात्याचे क्लब जास्त पैसे घेऊन आले तर कोणाला धरून ठेवायचे, प्रशिक्षक तोच ठेवायचा की नवा आणायचा, हे सगळे जून ते ऑगस्टमध्ये ठरते. फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर आपण पाहतो तो नुसता निकाल असतो.

राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ मध्ये सुरू झाली. आर्मांदो कुलासो २०००च्या सुमारास धेंपोचे प्रशिक्षक झाले आणि २०१३पर्यंत राहिले. एकाच क्लबात एका माणसाची एवढी वर्षे भारतीय फुटबॉलमध्ये दुर्मिळच. तेव्हा बहुतेक खेळाडूंचे करार वर्षाचे असत. पावसाळा आला की अर्धा संघ इकडचा तिकडे होई, आणि गोव्यातला चांगला मुलगा दोन वर्षे चमकला की कोलकात्याला जाई. धेंपोने याच्या उलट केले. समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, पुढे महेश गवळी, अँथनी परेरा असे गाभ्याचे खेळाडू धरून ठेवले. पुढे नायजेरियाचा रांटी मार्टिन्स, आणि त्याच्या मागून चेंडू पुरवणारा ब्राझीलचा बेटो. ही जोडीही वर्षानुवर्षे टिकली. क्लिफर्डला माहीत असे की डावीकडून चेंडू टाकला की रांटी कुठे असेल. अशी ओळख एका हंगामात होत नाही.

२००३-०४ मध्ये धेंपो लीगमध्ये दुसरा आला, ईस्ट बंगालच्या मागे. पुढच्या पावसाळ्यात क्लबने ईस्ट बंगालचाच ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर याला आणले. त्यानंतरचे आपल्याला ठाऊक आहे. ५ डिसेंबर २००४, बंगळुरू, फेडरेशन चषकाची अंतिम फेरी, समोर मोहन बागान. धेंपोने सामना २-० असा जिंकला, दोन्ही गोल ज्युनियरचे. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडक झाली आणि तो मैदानावरच कोसळला. तो उठला नाही. क्लबने त्याची दहा क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली.

असा घाव बसल्यावर संघ विस्कटला असता तर कोणी दोष दिला नसता. पण त्याच हंगामात धेंपो पहिल्यांदा राष्ट्रीय विजेता झाला, स्पोर्टिंग क्लब द गोवाला मागे टाकून. चाहता म्हणून माझे मत असे की ते विजेतेपद कौशल्यापेक्षा एकमेकांच्या ओळखीवर आले. जी मुले एकत्र शोक करू शकली ती एकत्र खेळूही शकली.

पुढे २००६-०७, मग आय-लीग नावाने सुरू झालेल्या स्पर्धेचे पहिले वर्ष २००७-०८, मग २००९-१०, आणि शेवटी २०११-१२. एकूण पाच विजेतेपदे, पाचही आर्मांदोंच्या हाताखाली. २००८ मध्ये संघ एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. २०११ मध्ये एअर इंडियाविरुद्ध १४-० असा विजय मिळाला. त्याच वर्षी आर्मांदोंनी काही महिने भारताच्या संघालाही प्रशिक्षण दिले. २०११-१२ च्या लीगमध्ये एकट्या रांटीने ३२ गोल केले. चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर यांची विजेतेपदे धरली तर २००७ ते २०१३ अशी सलग सात वर्षे राष्ट्रीय लीगचा चषक गोव्याबाहेर गेला नाही. आज मुलांना सांगितले तर त्यांना खोटे वाटते.

आता माझ्या चुकीकडे येतो.

२०१२च्या पावसाळ्यात रांटी कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला. पुढच्या हंगामात धेंपो विजेता झाला नाही, चर्चिल झाला. २०१३च्या पावसाळ्यात प्रश्न उभा राहिला तो प्रशिक्षकाचा. मी तेव्हा ठामपणे म्हणत होतो की आर्मांदोंनी आता जावे. तेरा वर्षे झाली. खेळाडू त्यांच्याबरोबरच म्हातारे होत आहेत. बंगळुरूत नवा क्लब निघाला आहे, इंग्रज प्रशिक्षक आणतो आहे, आणि आपण मात्र जुन्याच पद्धतीत अडकलो आहोत.

हे मी डिचोली बसस्थानकाजवळच्या आपल्या नेहमीच्या हॉटेलात, भाजी-पाव खाता खाता बोललो. समोर होता आपला शाळेचा गोलकीपर. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखलेच असेल. त्याने शांतपणे उत्तर दिले, “गोल करणारा गेला आणि शिक्षा गोल शिकवणाऱ्याला? आधी रांटीच्या जागी माणूस आणा, मग बोला.” मी वाद वाढवत नेला. शेवटी मी जे बोललो ते आज लिहितानाही हात अडखळतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या होत्या. आपल्या तालुक्यात ते काय दिवस होते ते सांगायला नको. त्याचे दोन ट्रक दारात उभे होते, डोक्यावर बँकेचे कर्ज. मी त्याला म्हणालो, “तुझा ट्रक बंद पडला म्हणून तुला प्रत्येक बदलाची भीती वाटते.”

तो उठला, दोघांच्या चहाचे पैसे दिले आणि गेला. पुढची अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. एकमेकांच्या घरच्या लग्नांना गेलो, पंगतीत दूर दूर बसलो.

फुटबॉलने माझ्या मताचा निकाल लवकरच लावला. आर्मांदो धेंपोतून गेले, ऑस्ट्रेलियाचे आर्थर पापास आले. आर्मांदोंनी त्याच हंगामात ईस्ट बंगालची सूत्रे घेतली आणि तो संघ आय-लीगमध्ये दुसरा आला, बंगळुरूच्या त्याच नव्या क्लबाच्या मागे. जुन्या पद्धतीचा माणूस म्हणून मी ज्याला निवृत्त करायला निघालो होतो, त्याने नव्या संघाला दुसऱ्या क्रमांकावर नेले. २०१४-१५ च्या हंगामाअखेर धेंपो आय-लीगमधून खाली घसरला. पाच वेळचा विजेता दुसऱ्या विभागात! पुढच्या वर्षी दुसरा विभाग जिंकून तो वर येण्याच्या हक्काचा झाला, पण २०१६ मध्ये स्पर्धेच्या नव्या रचनेवरून नाराज होऊन धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी राष्ट्रीय लीगमधूनच माघार घेतली.

या घसरणीला एकटा प्रशिक्षक-बदल कारण होता असे मी म्हणणार नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. एफसी गोवा हा नवा संघ उभा राहिला, झिको त्याचे पहिले प्रशिक्षक झाले, आणि त्याच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर घराण्यांची माणसेही होती. पैसा, प्रेक्षक आणि लक्ष तिकडे वळले. गोव्याचा फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खाणमालकांच्या आधारावर उभा होता. धेंपोंनी आपला खाण-व्यवसाय २००९ मध्येच विकला होता, आणि २०१२ नंतर इतरांचाही तो आधार डळमळला. ही मोठी कारणे आहेत. पण मोठी कारणे सगळ्यांच्याच दारात येतात. तेव्हा आतली माणसे एकत्र असली तर निभाव लागतो. धेंपोचा गाभा मात्र त्याआधीच, दोन पावसाळ्यांत सुटा झाला होता, आणि तो सुटा होताना टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो.

आणि हे मला कळायला हवे होते, कारण मला ते शाळेत शिकवले होते. आठवते का? आपण नववीत होतो. हिवाळ्यात आंतरशालेय सामना, पहिल्याच फेरीत पाच गोल खाल्ले. पाचवा मी डाव्या बगलेतून मागे देताना आपल्याच जाळ्यात घातला. दुसऱ्या दिवशी शाळाभर एकच चर्चा, संघ बदला. काही शिक्षकांचेही तेच मत होते. खेळाच्या सरांनी ऐकून घेतले आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर तीच अकरा नावे फळ्यावर लिहिली. माझेही. पावसाळाभर आम्हाला शाळेच्या व्हरांड्यात ओल्या फरशीवर नुसते पास द्यायला लावले. चेंडू वर्गात गेला तर शिक्षा, म्हणून पास जमिनीलगतच द्यावा लागे. मी एकदा विचारले, “सर, मला का ठेवलेत?” सर म्हणाले, “ती चूक तुझी एकदा करून झाली आहे. नव्या मुलाची अजून व्हायची आहे.” दहावीत आपण उपांत्य फेरी गाठली. शेवटच्या सामन्यात हरलो, पण एकाच गोलाने. गोलात तोच होता, माझ्या मागे उभा राहून नाव घेऊन ओरडणारा.

ज्याला एकदा असे ठेवून घेतले गेले, त्यानेच दुसऱ्याला काढा म्हणून ओरडावे, याचे मला अजून नवल वाटते.

२०२४ मध्ये धेंपो दुसऱ्या विभागातून पुन्हा आय-लीगमध्ये आला. तेव्हा प्रशिक्षक होता समीर नाईक, आर्मांदोंच्या संघातला बचावपटू. क्लिफर्डही प्रशिक्षक झाला आहे, २०२३ मध्ये त्याच्या हाताखाली ओडिशा एफसीने सुपर चषक जिंकला. म्हणजे आर्मांदोंचा संघ विखुरला तरी त्यांची शाळा चालूच आहे. बढती मिळाल्याची बातमी आली त्या रात्री माझा फोन वाजला. अकरा वर्षांनी तो नंबर पडद्यावर दिसला. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. “समीर कोच आहे, पाहिलेस?” एवढेच. मी म्हणालो, “पाहिले. तू म्हणत होतास ते बरोबर होते. आणि ट्रकचे बोललो ते माझे चुकले.” पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, “ट्रक केव्हाच विकले रे. रांटीच्या जागी माणूस मात्र अजून मिळाला नाही.”

तेव्हा या पावसाळ्यासाठी चाहत्याचे मत, कोणी विचारले नसले तरी. समीरला किमान तीन हंगाम द्यावेत, मधे चार सामने हरला तरी. ज्या स्थानिक मुलांनी संघ वर आणला त्यांना, आता स्पर्धा मोठी आहे म्हणून, एकदम बाकावर बसवू नये. परदेशी खेळाडू आणावेत, पण दरवर्षी नवे नकोत. एक चांगला आघाडीवीर शोधावा आणि त्याला गोव्याचे दोन-तीन पावसाळे तरी पाहू द्यावेत. आणि बचावात एक वयाने मोठा माणूस असावा, मागून नाव घेऊन ओरडणारा.

मेळाव्याला तो येणार आहे. सरांनीही येण्याचे कबूल केले आहे. आम्ही दोघांनी एक ठरवले आहे. जेवणाआधी अर्धा तास सगळ्यांनी त्या व्हरांड्यात यायचे, चेंडू मी आणतो. पास जमिनीलगतच द्यायचे आहेत. सर बघत असतील.