दसऱ्याचा बॅकअप

आमच्याकडे दसऱ्याला विळी, कात्री, पान्हे आणि गेली बरीच वर्षं संगणक अशी पूजा असते. २००६ च्या दसऱ्याला हळदकुंकू वाहून झाल्यावर मला आणखी एक सुबुद्धी झाली. नव्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर मी आख्ख्या संगणकाचा बॅकअप घेतला. चार-सहा फायलींचा नाही, सगळ्याचा. मग डिस्क कपाटात ठेवली आणि विसरलो.

डिसेंबरात मेलची अवाढव्य फाइल आवळून लहान करण्याचं काम चालू असताना वीज गेली. ती आल्यावर पाहिलं तर इनबॉक्स रिकामा! तेव्हा मेल सर्व्हरवर ठेवायची सोय तुटपुंजी होती. ती उतरवून घ्यायची, तिकडची पुसून टाकायची, म्हणजे जे काही होतं ते माझ्याच टेबलाखालच्या डब्यात. मी काही क्षण घाबरलो आणि मग मला दसरा आठवला. रात्रभर बसून पूर्ण बॅकअप परत चढवला. सकाळी सगळं जागच्या जागी! घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

दोन दिवसांनी 'माईची यादी' शोधायला गेलो आणि काय झालंय ते कळलं.

ते सांगतोच, पण आधी वॉशिंग्टनला जाऊन येऊ. हा किस्सा मी तेव्हा वाचलेला असता तर वाचलो असतो.

१९८६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत इराण-काँट्रा प्रकरण फुटलं. इराणला गुपचूप शस्त्रं विकायची आणि त्यातला पैसा निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांकडे वळवायचा असा तो उद्योग होता. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार अॅडमिरल जॉन पॉइंडेक्स्टर आणि त्यांच्या हाताखालचे लेफ्टनंट कर्नल ऑलिव्हर नॉर्थ हे त्यातले मुख्य. चौकशीची चाहूल लागताच नॉर्थ यांच्या कचेरीत कागदांच्या चिंध्या होऊ लागल्या. पण व्हाइट हाउसमध्ये तेव्हा आयबीएमची 'प्रॉफ्स' नावाची इ-मेल यंत्रणाही होती, आणि खरी मोकळी बोलणी तिच्यावर चालत. त्या काही दिवसांत दोघांनी आपापले निरोप पुसले. पॉइंडेक्स्टर यांचे पाच हजारांहून जास्त, नॉर्थ यांचे सातशेच्या वर.

पुसले म्हणजे आपल्या समोरच्या पडद्यावरून गेले, एवढंच. तिथला संगणक विभाग ठरावीक काळाने सगळ्या यंत्रणेचा टेपवर बॅकअप घेई. तो इतिहासासाठी नव्हे हो, यंत्र बिघडलं तर कामाला यावा म्हणून. काही दिवसांनी त्याच टेपा नव्या बॅकअपसाठी पुन्हा वापरायच्या, हा शिरस्ता. पण या वेळी १५ नोव्हेंबरची टेप बाजूला काढून ठेवली गेली. २९ नोव्हेंबरची पण. तपास करणाऱ्यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या. पहिलीत आहे आणि दुसरीत नाही, असा जो ऐवज निघाला त्यावरून काय पुसलं हे तर कळलंच, पण लपवावंसं काय वाटलं हेही कळलं. फेब्रुवारी १९८७ मध्ये आलेल्या टॉवर आयोगाच्या अहवालात यातले निरोप भरपूर आहेत. पुढे नॉर्थ यांनी काँग्रेससमोर साक्षीत कबूल केलं की डिलीटचं बटण दाबलं की निरोप कायमचा गेला असंच आम्ही समजत होतो.

त्या टेपांचा जीव पुन्हा एकदा टांगणीला लागला. १९ जानेवारी १९८९, रेगन यांचा शेवटचा पूर्ण दिवस. जाताजाता टेपा कोऱ्या होणार म्हणून पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह ही खाजगी संस्था कोर्टात धावली आणि त्याच दिवशी न्यायाधीश बॅरिंग्टन पार्कर यांच्याकडून मनाई हुकूम मिळवला. खटला वर्षानुवर्षं चालला. महत्त्वाचं ते कागदावर छापून ठेवलंय की, असं सरकारचं म्हणणं. १९९३ मध्ये आधी खालच्या आणि मग अपील कोर्टाने ते अमान्य केलं, कारण छापील प्रतीत निरोप कोणाला गेला, कधी पोचला, हे सगळं उतरतंच असं नाही.

मला यात कोर्टापेक्षा त्या दोन टेपांचं जास्त अप्रूप आहे. कारण मी काय केलं होतं? माझ्याकडेही दोन होत्या! एक दसऱ्याची, कपाटातली. दुसरी म्हणजे ती बिघडलेली फाइल. तिचा आकार तसाच मोठा होता. ती उघडत नव्हती, पण रिकामी नव्हती. दसऱ्यानंतरची सगळी मेल तिच्यातच अडकलेली होती. ती आधी कुठेतरी बाजूला उतरवून ठेवायला पाच मिनिटं लागली असती. मी मात्र २ ऑक्टोबरचा अख्खा संगणक तिच्या उरावर चढवला. विजेने जे अर्धवट केलं होतं ते मी रात्रभर जागून पुरं केलं, हौसेने.

ही फट मोठमोठ्यांनाही चुकत नाही म्हणा. २७ फेब्रुवारी २०११ ला जीमेलच्या ०.०२ टक्के लोकांचे डबे एका बिघडलेल्या अपडेटमुळे रिकामे झाले. एकाच मेलच्या अनेक चालू प्रती होत्या, पण चूक त्या सगळ्यांपर्यंत पोचली. वाचवलं ते कुठेही न जोडलेल्या टेपांनी. तरीही अधल्या साधारण वीस तासांत या लोकांना आलेली मेल पोचली नसावी, असं गूगलने तेव्हाच सांगितलं.

तर, माईची यादी. आपल्या कुलवृत्तांतासाठी तेव्हा सगळ्यांची मेल माझ्याकडे येत होती, हे घरच्यांना आठवत असेल. कुलवृत्तांतात पुरुषांची नावं सात पिढ्या मिळतात आणि बायकांच्या जागी नुसतं लग्नानंतरचं नाव, तेही असलं तर. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माईआत्याला चार पिढ्यांतल्या सगळ्या सुनांची माहेरची नावं, गावं, आडनावांसकट पाठ होती. तिने ती नातवाला सांगितली आणि त्याने सायबर कॅफेत बसून मला पाठवली. मी एकदा वाचली. वहीत नंतर उतरवू म्हटलं.

जानेवारीत पुन्हा विचारायला गेलो तर माई म्हणाली, "सांगितलं की रे एकदा!" मग सांगायला बसली, पण दोन पिढ्यांची गल्लत होऊ लागली. आधी रागावली, मग गप्प झाली. मीही जास्त ताणलं नाही. त्या आषाढात ती गेली. नातवाचा मेलचा डबा न वापरल्याने कधीच बंद पडला होता. छापलेल्या वृत्तांतात पान ४१ वर जी चार नावं आहेत ती मला एका वाचनात आठवली तेवढी.

त्या मेलची प्रत आणखी कोणाला तरी गेली होती असं पुसट आठवतंय. नाशिककर किंवा इंदूरकर मंडळींपैकी कोणी. तेव्हाची एखादी सीडी, जुना संगणक माळ्यावर असेल तर बघाल का? नोव्हेंबर २००६, रोमन लिपीत, विषय 'माईची यादी'. आणि संगणक सुरू झाला नाही तर कृपा करून दुरुस्त करायला जाऊ नका, आहे तसा माझ्याकडे पाठवा.