दस्त्यावरची गादी

रायफलच्या दस्त्यावर शिवून किंवा वादीने आवळून बसवलेल्या गालाच्या गादीला बंदुकीच्या इतिहासात फारसं कुणी विचारत नाही. नळी, चाप, काडतूस, दुर्बीण यांवर जाडजूड ग्रंथ निघाले. कातड्याचा किंवा किंतानाचा एक तुकडा, आत नमद्याचे दोन-तीन थर आणि खालून ओवलेली दोरी, एवढ्या ऐवजावर कोण लिहिणार? फार तर नेमबाजाने सोयीसाठी केलेला जुगाड म्हणून तिचा उल्लेख होतो. मला हे वर्णन अपुरं वाटतं. कारखान्याने बंदुकीचा दस्ता माणसाच्या चेहऱ्यापासून तोडला आणि नंतर दुर्बीण आली तेव्हाही तो दुरुस्त केला नाही. उरलेलं अंतर सुई-दोऱ्याने भरून काढण्याचं काम नेमबाजाच्या गळ्यात पडलं. या गादीत त्या दुर्लक्षाचा पुरावा आहे.

गादी का लागते, ते आधी पाहू. साध्या नेमाची माशी नळीला जवळजवळ चिकटून असते. दस्त्याच्या वरच्या कडेवर गाल टेकला की डोळा आपोआप त्या रेषेत येतो. दुर्बीण मात्र बोल्टच्या मुठीला आणि वरून काडतुसं भरायला वाट ठेवून बसवावी लागते, म्हणून ती उंच जाते किंवा बाजूला सरकते. डोळा तिच्यापर्यंत न्यायचा तर गाल लाकडावरून उचलावा लागतो आणि डोकं मानेच्या आधाराने अधांतरी राहतं. ही केवळ गैरसोय नव्हे. दुसऱ्या महायुद्धातली सोव्हिएत ‘पीयू’ दुर्बीण साडेतीन पट मोठं दाखवणारी आणि 22 मिलिमीटर भिंगाची होती. भागाकार केला की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम सव्वासहा मिलिमीटर भरतो. डोळा या वर्तुळाच्या कडेला सरकला की दृश्याला काळी कोर लागते. शिवाय डोळ्याची जागा दर वेळी बदलली, तर दुर्बिणीतली खूणही लक्ष्यावर इकडेतिकडे सरकल्यासारखी दिसू शकते. त्यामुळे दस्त्याचा धक्का गालाला बसू नये म्हणून गादी लावतात, हा समज अर्धाच खरा आहे. तिचं मुख्य काम डोळा रोज त्याच जागी आणून ठेवण्याचं आहे.

गालाला आधार देण्याची कल्पना दुर्बिणीहून बरीच जुनी आहे. अठराव्या शतकातल्या जर्मन शिकारी रायफलींच्या दस्त्यावर डाव्या अंगाला लाकडातच कोरलेला उंचवटा असे. इंग्रजांनी 1800 च्या सुमारास स्वीकारलेल्या बेकर रायफलीवरही तो आला. तेव्हा माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल, की दुर्बीण नसतानाही गालपट्टी होती, मग दुर्बिणीला दोष कशाला? उत्तर दस्ता घडवण्याच्या पद्धतीत आहे. जर्मन शिकाऱ्याची बंदूक कारागिराच्या हातून घडे, आणि ती घेणाऱ्याच्या अंगाला बसेल असं पाहणं त्याला शक्य होतं. ही सांगड यंत्राने मोडली. 1819 च्या सुमारास टॉमस ब्लँचर्डने अमेरिकेत असा लेथ तयार केला, की नमुन्याचा एक दस्ता समोर लावला की त्याच्यासारखे वेडेवाकडे आकारही हुबेहूब उतरत. स्प्रिंगफिल्डच्या सरकारी शस्त्रशाळेत तो चालू लागला, आणि पुढे 1850 च्या दशकात अशी अमेरिकी यंत्रं इंग्लंडमध्ये एनफिल्डलाही गेली. सैन्याचा फायदा उघड होता. तुटलेल्या दस्त्याच्या जागी दुसरा बिनबोभाट बसे. पण लांबट चेहऱ्याच्या आणि रुंद गालफडांच्या शिपायाला आता एकाच मापाचं लाकूड मिळू लागलं.

इथे ली-एनफिल्डचा दाखला माझ्याविरुद्ध देता येईल. तिचे दस्ते आखूड, साधारण आणि लांब अशा मापांचे होते, आणि ठेंगण्या शिपायांसाठी ‘बँटम’ हे आणखी आखूड मापही होतं. म्हणजे सरकारला अंगाचं माप कळत होतं. कळत होतं, पण हाताचं. ही सगळी मापं लांबीची आहेत, गालाखालच्या उंचीचं एकही नाही. साध्या नेमाच्या बंदुकीत ते खपूनही गेलं.

दुर्बीण आल्यावर मात्र ते खपेना. या कथेला मुंबईचाही एक धागा आहे. रायफलीवर दुर्बीण बसवण्याचे सुरुवातीचे प्रयोग करणाऱ्यांत मुंबई इलाख्याच्या फौजेतले अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन होते. अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडच्या नेमबाजांनी व्हिटवर्थ रायफलींवर त्यांचीच दुर्बीण वापरली, आणि ती दस्त्याच्या रेषेत न बसता डाव्या अंगाला होती. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनीही बऱ्याच दुर्बिणी डावीकडेच लावल्या, कारण काडतुसांची पट्टी वरून भरायची होती. फ्रान्समध्ये नेमबाजांची शाळा चालवणारे मेजर हेस्केथ-प्रिचर्ड या रचनेवर वैतागले होते, कारण खंदकाच्या अरुंद भोकातून नळी बाहेर गेली तरी बाजूच्या दुर्बिणीसमोर भिंतच येई. तरीही 1944 मध्ये अमेरिकेने गॅरँड रायफलीच्या ‘एम1सी’ आणि ‘एम1डी’ या आवृत्त्या स्वीकारल्या, तेव्हा हीच अडचण पुन्हा उभी राहिली. गॅरँडमध्ये आठ काडतुसांची क्लिप वरून आत जाते, म्हणून दुर्बीण डावीकडे. आणि मग लष्करानेच या बंदुकांबरोबर कातड्याची, दोरीने आवळायची गादी दिली. तिच्या आत नमदा होता आणि जाडी कमी-जास्त करता येई. ती गालाला वर उचलण्यापेक्षा डावीकडे ढकलत असे. जगातल्या सर्वांत मोठ्या कारखानदार देशाने आपल्या अत्याधुनिक रायफलीचा दस्ता न बदलता तिला गादी बांधली, हे मला या विषयातलं सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं. इंग्रजांनी 1942 पासून ‘नंबर 4 (टी)’ रायफलींवर लाकडी गालपट्टी दोन स्क्रूंनी बसवली. हे काम हॉलंड अँड हॉलंडकडे होतं. ही लंडनची पेढी एरवी श्रीमंत गिऱ्हाइकाच्या अंगावर माप घेऊन दस्ता घडवी. युद्धात तिलाही सगळ्यांना एकच पट्टी लावावी लागली.

सर्वांत वजनदार आक्षेप रशियाकडून येतो. सोव्हिएत नेमबाजांची मोसिन रायफल गादीशिवायच होती, दुर्बीण उंच होती, आणि दस्त्यावर गालाऐवजी हनुवटी टेकून त्यांनी युद्ध लढलं. त्यांच्यासमोर उभा राहिलेला फिनलंडचा नेमबाज सिमो हायहा तर दुर्बीणच वापरत नसे. मग गादी अत्यावश्यक कशी? पण हायहाचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. दुर्बिणीसाठी डोकं उंच करावं लागतं आणि ते शत्रूला दिसतं, हे साधा नेम पसंत करण्यामागचं त्याचं एक कारण होतं. सोव्हिएतांनी अडचण सोसली, नाकारली नाही. दुर्बीण गृहीत धरून त्यांनी 1963 मध्ये ‘ड्रॅगुनोव्ह’ स्वीकारली, तेव्हा तिच्या दस्त्यावर सुटी गालपट्टी दिली. साध्या नेमाने मारायचं असेल तर ती काढून ठेवता येते.

घरी शिवलेल्या गादीचं बळ या सरकारी पट्ट्यांच्या तुलनेत कळतं. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, गाल सहज टेकवायचा, मग डोळे उघडायचे. दुर्बिणीत खालच्या बाजूला काळी कोर दिसली तर आणखी एक थर, वरच्या बाजूला दिसली तर एक थर कमी. हे माप कुठल्याही नमुन्यावर छापून येत नाही. कातडं असेल तर आरीने आधी भोकं पाडून दुहेरी दोऱ्याने टाके घालावे लागतात आणि शिवण गालाला टोचणार नाही अशी खाली घ्यावी लागते. किंतान असेल तर जाड सुई पुरते. बोल्टची मूठ मागे येते तिथे गादी आडवी येता कामा नये. दोरी दस्त्याच्या पोटाखाली आवळायची, म्हणजे लाकडाला भोक पडत नाही.

स्पर्धेच्या रायफलींत हा प्रश्न आता दस्त्यातच सुटला आहे. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर तीन स्थितींच्या स्पर्धेत 451.4 गुणांनी कांस्यपदक मिळवलं. या प्रकारच्या रायफलींची गालपट्टी वर-खाली करता येते, कारण गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरताना एकाच माणसाचीही मान वेगळी बसते. संग्रहालयांत आणि लिलावांत मात्र जुन्या रायफली कधीकधी गादी काढून, लाकूड चकचकीत करून मांडतात. फाटकी, घामट गादी सापडली तर ती टाकू नये. ती दस्त्याचाच भाग समजून रायफलीसोबतच नोंदवावी.