दिनविशेष : ४ मे १९४५

एप्रिल १९४२ मध्ये जपानी आरमाराच्या भयाने मुंबई बंदराच्या आश्रयास आलेली ‘फॉर्मिडेबल’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका, तीन वर्षांनी ओकिनावाच्या लढाईत साकिशिमा बेटांनजीक आजच्या तारखेस एका कामिकाझे, म्हणजे जपानी आत्मघाती, विमानाचे लक्ष्य झाली. आठ खलाशी प्राणांस मुकले, परंतु धावपट्टीच्या जाड पोलादी कवचामुळे सायंकाळपर्यंत तिच्यावर विमाने पुन्हा उतरू लागली. लाकडी धावपट्टीची अमेरिकन ‘बंकर हिल’ मात्र ११ मे रोजी अशाच आघाताने पेटून सुमारे चारशे माणसांसह युद्धास कायमची अंतरली. ऑक्टोबर १९४४ पासून हजारो तरुण जपानी वैमानिक अशा आत्मघाती हल्ल्यांत हुकुमाने खर्ची पडले आणि अनेक लहान जहाजे बुडाली, तरी त्यांच्या हातून एकही मोठी विमानवाहू नौका जलसमाधी पावली नाही. मृत्यूस सामोरे जाणारे हल्ले आपल्या इतिहासातही आहेत: वसईच्या वेढ्यात, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांचे शिपाई सुरुंगांनी पाडलेल्या खिंडारांत जिवावर उदार होऊन शिरले. पण त्या हल्ल्यात परतण्याची वाट कोणासही हुकुमाने बंद नव्हती, हा भेद मला फार मोठा वाटतो. वसईचा किल्ला त्याच महिन्यात शरण आला. ओकिनावा जपानने जून १९४५ मध्ये गमावले.