आडनावाचा रिकामा रकाना आणि ‘एफएनयू’ नावाची माणसे

अमेरिकेत येणाऱ्या काही भारतीयांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ अशी अक्षरे छापलेली असतात. ‘फर्स्ट नेम अननोन’, म्हणजे पहिले नाव अज्ञात, याचे ते लघुरूप. वास्तविक त्या व्यक्तीचे नाव सर्वांना ठाऊक असते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो, इतकेच. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात मात्र दोन्ही रकाने भरावेच लागतात. मग असलेले एकमेव नाव आडनावाच्या जागी सरकते आणि पहिल्या नावाच्या जागी ही अक्षरे बसतात. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा त्रिपदी रिवाज असलेल्या मराठी कुटुंबांना ही अडचण क्वचित येते. आडनावाची प्रथाच नसलेल्या अनेक तमिळ कुटुंबांना ती परिचित आहे.

डेटाबेसमध्ये अनुपस्थित माहितीसाठी ‘नल’ ही खूण वापरतात. नल म्हणजे शून्य नव्हे. दोन नल परस्परांशी ताडून पाहिले, तर ‘समान’ किंवा ‘असमान’ असे उत्तर न येता ‘अज्ञात’ असे येते. रकान्यावर ‘नॉट नल’ हे बंधन असेल तर नल असलेली नोंद नाकारली जाते. रकाना वगळून नोंद केली आणि त्यासाठी पूर्वनियोजित मूल्य ठरवलेले असेल, तर ते आपोआप भरले जाते. मायएसक्यूएलच्या ५.७ पूर्वीच्या आवृत्त्या, कडक नियमावली मुद्दाम चालू केली नसेल तर, अशा वगळलेल्या रकान्यात स्वतःहून शून्य किंवा रिकामा मजकूर घालत आणि केवळ इशारा देत. ओरॅकल तर रिकाम्या मजकुरालाच नल मानते; पोस्टग्रेस या दोहोंत भेद करते.

हा भेद क्षुल्लक नाही. ‘आडनाव आहे, पण कळलेले नाही’ आणि ‘आडनाव नाहीच’ ही दोन वेगळी विधाने आहेत. १९७० साली संबंधाधारित डेटाबेसची संकल्पना मांडणारे ई. एफ. कॉड यांनी पुढे या दोहोंसाठी दोन स्वतंत्र खुणा सुचवल्या होत्या. एसक्यूएलने एकच ठेवली. सक्तीच्या रकान्यात तर तीही चालत नाही. तेथे अर्जदार किंवा कारकून काहीतरी भरतो आणि संगणक ते खरे नाव समजतो. बंधनाने माहिती मिळत नाही, रकाना तेवढा भरतो.

उलट घोटाळाही घडतो. कॅलिफोर्नियातील एका वाहनधारकाने गाडीला ‘नल’ अशी हौसेची नंबरप्लेट घेतली, तेव्हा प्लेटची नोंद नसलेल्या इतर वाहनांचे दंड त्याच्या नावावर येऊ लागले.

आखाती देशांत हा प्रश्न नोव्हेंबर २०२२ मध्ये ऐरणीवर आला. पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटन वा भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाही, असे संयुक्त अरब अमिरातीने जाहीर केले. लवकरच खुलासा झाला, की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असल्यास ते ग्राह्य धरले जाईल. यंत्रवाचनीय पासपोर्टच्या आंतरराष्ट्रीय मानकात मात्र एकाच नावाची सोय आधीपासून आहे: उरलेली जागा ‘<’ या चिन्हाने भरायची, आणि त्या चिन्हाला कोणीही नाव समजत नाही.