एकास बारा : हातच्या लघुमोटारींचा इतिहास

मोटारीची प्रतिकृती म्हटली की दुकानातील काचेमागे मांडलेली खेळण्यातली गाडी डोळ्यांसमोर येते. तिच्याविषयी आम्हांस येथे काही सांगावयाचे नाही. जिचे चाक, दिवा, दरवाजा, पुढची जाळी यांपैकी काहीही बाजारातून आलेले नाही, कागदावरील पहिल्या रेघेपासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत जी एकाच माणसाने सिद्ध केली, अशा लहान गाडीचा हा इतिहास आहे. असल्या उद्योगाला आपण सहसा पोरखेळ म्हणतो. परंतु जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीने याच पोरखेळासाठी १९३० ते १९६८ या काळात पैसा ओतला, आणि त्या पोरांपैकी एकाच्या हाती पुढे कंपनीच्या समस्त गाड्यांचे रूप ठरविण्याचा अधिकार आला.

या कथेचा उगम फिशर बंधूंपाशी आहे. अमेरिकेतील ओहायओ राज्यात नॉरवॉक या गावी त्यांच्या वडिलांचा लोहारकामाचा व घोडागाड्या बांधण्याचा व्यवसाय होता. १९०८ साली दोघा थोरल्या भावांनी काकांच्या साहाय्याने डेट्रॉइट येथे मोटारींचे सांगाडे, म्हणजे बॉडी, बांधण्याची कंपनी काढली. १९१९ साली जनरल मोटर्सने तिचा मोठा हिस्सा आणि १९२६ साली उरलेला सर्व भाग घेतला. या कंपनीचे बोधचिन्ह होते नेपोलियनच्या शाही रथाचे. घोडागाडी बांधणाऱ्याच्या मुलांना आपले मूळ मिरवावेसे वाटले, यात नवल ते काय!

१९३० सालच्या ऑगस्टात या कंपनीने 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' या नावाने मुलांची संघटना उभारली. गिल्ड म्हणजे आपल्या प्राचीन ग्रंथांतून ज्यांना 'श्रेणी' म्हटले आहे, तसा कारागिरांचा संघ. बारा ते एकोणीस वर्षांच्या मुलांनी कंपनीकडून आराखडे मागवावेत आणि त्यांवरून बोधचिन्हातील तो रथ लहान प्रमाणात घडवावा, अशी स्पर्धा होती. तयार भाग जोडून चालणार नव्हते. कोरीवकाम, धातूची नक्षी, आतील गाद्या, दारांच्या बिजागऱ्या, सारे स्पर्धकाने स्वतःच करावयाचे. शेकडो तास खर्ची पडत. पण पारितोषिकेही तशीच होती. विद्यापीठीय शिक्षणासाठी पाच हजार डॉलरच्या शिष्यवृत्त्या ठेवलेल्या होत्या, आणि हे दिवस महामंदीचे होते. साधी नवी शेव्हर्ले त्या वेळी सहाशे डॉलरच्या आसपास मिळे. बाप बेकार बसलेल्या घरातील मुलाला त्या लाकडी रथाच्या चार चाकांवर कॉलेजचा दरवाजा दिसत असला पाहिजे.

कंपनीचा हेतू निव्वळ परोपकाराचा होता असे समजण्याचे कारण नाही. तीत जाहिरात होती आणि उद्याचे कारागीर हेरण्याची दूरदृष्टीही होती. त्या काळी मोटारीची बॉडी लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून तयार होई, तेव्हा पटाशी चालविणारा हात कंपनीला हवाच होता. गंमत अशी की, मुले लाकूड कोरण्यात तरबेज होत असताना खुद्द कारखान्यातून लाकूड हद्दपार होऊ लागले. १९३५ च्या गाड्यांना जनरल मोटर्सने अखंड पोलादी टप बसविला. १९३७ पासून स्पर्धेत मोटारीच्या प्रतिकृतीचाही विभाग निघाला, आणि महायुद्धानंतर रथ मागे पडून मोटार तेवढी उरली.

हा बदल वरवर दिसतो त्याहून मोठा होता. रथाचा आराखडा ठरलेला होता. मुलाने तो अचूक उतरवावयाचा. मोटारीचा आराखडा मात्र कोणी देत नव्हते. आपल्या मनातील गाडी स्वतःच योजावयाची आणि एकास बारा या प्रमाणात घडवावयाची. पाच मीटर लांबीची गाडी या प्रमाणात सुमारे बेचाळीस सेंटिमीटर भरते. परीक्षक कारागिरीबरोबर कल्पनेची नवलाई आणि रूपाची सुबकताही पाहत. नकलनवीस मुलाकडून आता निर्मात्याची अपेक्षा केली जाऊ लागली.

अशी गाडी घडते कशी, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. प्रथम बाजूने, समोरून, मागून आणि वरून अशी चित्रे मापात काढावयाची. मग शाडूसारख्या मऊ पण न सुकणाऱ्या मातीत आकार घडवून डोळ्यांनी पारखावयाचा. कॅलिफोर्नियात श्रीमंतांसाठी गाड्या सजविणाऱ्या हार्ली अर्ल यांना जनरल मोटर्सने १९२७ साली आणले, आणि मातीत गाडी घडवून पाहण्याची त्यांची रीत तेथे रूढ झाली. मुलगा घरच्या टेबलावर जे करी, तेच डेट्रॉइटमधील स्टुडिओत पूर्ण आकारात चाले. माती मनासारखी झाली की पुठ्ठ्याचे छेद कापून तो आकार लाकडी ठोकळ्यात उतरवावयाचा, किंवा साचा करून प्लास्टरमध्ये ओतावयाचा. येथे खरी कसोटी लागते. गाडीची डावी बाजू उजवीसारखी तंतोतंत असावी लागते, आणि मनुष्याचा हात स्वभावतः एका अंगाला झुकतो. म्हणून पुठ्ठ्याचा तोच छेद उलटा करून दोन्ही बाजूंना पुनःपुन्हा लावून पाहावयाचा, उजेड दिसेल तेथे घासावयाचे. बंपर आणि जाळी पितळेतून किंवा ॲल्युमिनियममधून कानशीने काढून आरशासारखी चमकवावयाची.

यानंतर रंग, आणि रंग हा तर सर्वांत दगाबाज. हाताच्या कामात जे सहज खपून जाते ते लहान प्रमाणात खपत नाही. रंगाचा थर एक-दशांश मिलिमीटर जाड बसला, तर एकास बाराच्या हिशेबाने तो खऱ्या गाडीवर सव्वा मिलिमीटरच्या घरात जाईल. दरवाज्याची फट बुजेल, कडा बोथट होतील. लाकडाचा रेषाही रंगाखालून डोकावतो. म्हणून अस्तर द्यावयाचे, वाळू द्यावयाचे, घासावयाचे आणि पुन्हा द्यावयाचे. फायलींवर टिपणे लिहिण्यात हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांना या चिकाटीचा हेवा वाटतो.

१९४७ साली या स्पर्धेत पहिला राष्ट्रीय क्रमांक पटकावणारा चार्ल्स जॉर्डन हा कॅलिफोर्नियाचा तरुण मॅसॅच्युसेट्सच्या एम.आय.टी.चा विद्यार्थी होता. १९४९ साली तो जनरल मोटर्समध्ये दाखल झाला आणि १९८६ ते १९९२ या काळात तेथील डिझाईन विभागाचा उपाध्यक्ष होता. स्पर्धेतील दुसरे एक नाव चार्ल्स पेली. त्यांनी पुढे 'डिझाईनवर्क्स' ही संस्था काढली, जी कालांतराने बी.एम.डब्ल्यू. या जर्मन कंपनीने आपल्यात सामावून घेतली. शिष्यवृत्ती न मिळालेल्या मुलांची संख्या अर्थातच कितीतरी पटींनी मोठी होती.

एक गोष्ट मात्र नोंदविल्यावाचून पुढे जाववत नाही. ही श्रेणी केवळ मुलग्यांची होती. १९५० नंतरच्या दशकात हार्ली अर्ल यांनी आपल्या विभागात स्त्री-डिझायनर नेमल्या. मुलींना मात्र गिल्डचे दार अखेरपर्यंत उघडले नाही. हातात तेवढेच कसब असलेल्या किती मुलींनी भावाच्या गाडीला पॉलिशपेपर घासून दिला असेल, याची नोंद कोठल्याही दफ्तरात नाही.

याच कंपनीचा आपल्या मुंबईशीही संबंध होता. शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ साली कारखाना काढला. तेथे परदेशातून खोक्यांत भरून आलेले भाग जोडून शेव्हर्ले गाड्या तयार होत. गाडी मुंबईत उभी राही खरी, पण घडलेली असे सातासमुद्रांपलीकडे. केवळ जुळणी नको, घडणही येथेच व्हावी, असे धोरण स्वतंत्र भारताच्या सरकारने आखले, आणि १९५४ साली हा कारखाना बंद झाला. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याचा आरंभ जुळणीनेच झाला होता. एकेक भाग येथे घडविण्याचा खटाटोप त्यानंतरचा. जुळणी आणि घडण यांतला हा भेद अवघ्या देशाला भोवला, तोच छोट्या गाडीच्या छंदालाही लवकरच भोवणार होता.

अमेरिकेत ए.एम.टी. ही कंपनी मोटारविक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या लहान प्रतिकृती बनवीत असे. १९५८ साली तिने एकास पंचवीस प्रमाणातील सुट्या भागांचे खोके, म्हणजे किट, बाजारात आणले. एकाच खोक्यातून मूळ गाडी, सजविलेली गाडी किंवा शर्यतीची गाडी, यांपैकी हवी ती जुळवावी. पोरे त्यावर तुटून पडली. जे काम महिने खाई ते शनिवार-रविवारात उरकू लागले. गिल्डची स्पर्धा १९६८ साली बंद पडली. तिला एकट्या किटने मारले असे म्हणणे अन्यायाचे होईल. काळच पालटला होता. तरीपण दिवाळीत बाजारचा तयार किल्ला आणून गच्चीवर ठेवला की माती कालवण्याचा उत्साह किती टिकतो, हे परप्रांतातल्या आपल्या घरांतूनही दिसते.

मात्र किटने कारागिरी संपविली, हा जुन्या मंडळींचा आक्षेप आम्हांस मान्य नाही. हाडाच्या छंदिष्टांनी त्या खोक्यालाच कच्चा माल केले. टप बुटका करण्याचे उदाहरण घ्या. काचेभोवतीचे खांब थोडे कापून टप खाली बसवावयाचा, एवढेच ते वाटते. परंतु खांब कललेले असल्यामुळे टप खाली येताच वरची आणि खालची टोके एकमेकांसमोर येत नाहीत. मग टप मधोमध कापून प्लास्टिकची पट्टी घालून लांबवावयाचा, सांध्यात लांबी भरावयाची, आणि काचही नवी कापावयाची. किटमधील भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला लटकलेले असतात ती मेणबत्तीजवळ मऊ करून ओढली की केसासारखी तार निघते. तिची रेडिओची एरियल होते. आठ सिलिंडरच्या इंजिनाला डिस्ट्रिब्यूटरपासून आठ बारीक तारा ओढाव्या लागतात, त्या किटमध्ये सहसा नसतात. या वाटेने जाता जाता किटचे भाग कमी आणि हातचे भाग अधिक होतात, आणि माणूस नकळत गिल्डच्या मुलांच्या पंगतीला येऊन बसतो.

पूर्णपणे हातच्या गाडीची परंपराही खंडित झाली नाही. इंग्लंडचे जेराल्ड विंग्रोव्ह यांनी लेथवर आणि हाताने घडविलेल्या लघुमोटारी जगभरच्या संग्राहकांनी घेतल्या, आणि १९७८ साली त्यांनी आपली रीत पुस्तकरूपाने खुली केली. तारांच्या आऱ्या असलेले चाक हे या विद्येतील अवघड प्रकरण. प्रत्येक आरी ताणून बसवावी लागते, आणि एक जरी सैल राहिली तरी चाक डुगडुगते. ज्याने असे एक चाक साधले, त्याला तसलीच आणखी तीन करावयाची असतात, सुटे चाक असल्यास चार.

अलीकडे संगणकावरील चित्रावरून थरावर थर चढवून भाग तयार करणारी यंत्रे घरोघर येऊ लागली आहेत. अशा भागाला हातचा म्हणावे काय, यावर छंदिष्टांत वाद आहे. आमचे मत असे की, चित्र स्वतः मापे घेऊन काढले असेल तर खुशाल म्हणावे. दुसऱ्याने केलेले चित्र उतरवून घेतले असेल तर ते किटच, खोके तेवढे दिसत नाही. यंत्रातून निघालेल्या भागावर थरांच्या बारीक रेषा राहतातच. त्या घालवावयास पाण्यात भिजवलेला पॉलिशपेपर आणि एक सबंध संध्याकाळ लागते.