३१ फेब्रुवारीची तळटीप
पीएचपीत मजकुरापासून तारीख तयार झाली, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही. दिवस-महिना-वर्ष असा साचा सांगून ‘डेटटाइम’ला ३१-०२-२०२३ दिले, तर नकार न देता ते ३ मार्च २०२३ हाती ठेवते, इशारा नोंदवते, पण तो विचारल्याशिवाय दिसत नाही. दिवस मिळवताना ही लवचीकता उपयोगी पडते, असा बचाव होईल. हिशेबापुरता तो मान्य. पण अर्जात जन्मतारीख भरणाऱ्याने बेरीज मागितलेली नसते. म्हणून आधी ‘चेकडेट’ने तपासावे (त्याला महिना आधी लागतो, हे आपल्याकडे हमखास विसरले जाते). तुलनाही ‘डेटटाइम’ ऑब्जेक्टांचीच करावी. निव्वळ मजकूर म्हणून ३१-०१-२०२४ हे ०१-०२-२०२४ पेक्षा मोठे ठरते. वर्ष आधी लिहून शून्ये पाळली, तर मात्र मजकुराची तुलनाही चालते.