पिटकेर्न बेटाच्या आद्यमाता

पॅसिफिक महासागराच्या सफरीस निघालेली आगबोट पिटकेर्न बेटाजवळ येते, तेव्हां पुष्कळदां उतारूंस भूमीला पाय लावतांच येत नाहीं. बेटाला सुरक्षित बंदर नाहीं. मग बेटकरीच लांब होड्यांतून बोटीवर येतात आणि लांकडाचे कोरीव मासे, मध, टपालाचीं तिकिटें विकतात. सारी वस्ती सुमारें पन्नास माणसांची!

उतारूंस येथें जी कथा ऐकावयास मिळते, ती 'बाउंटी' जहाजावरील बंडाची. २८ एप्रिल १७८९ रोजीं फ्लेचर ख्रिश्चननें कप्तान ब्लाय याला होडींत घालून समुद्रावर सोडून दिलें आणि १७९० च्या जानेवारींत आठ सोबत्यांसह या निर्जन बेटावर येऊन जहाज जाळून टाकलें. कथा रंजक खरी. पण ती अर्धीच आहे, असें आम्हांस वाटतें. जहाजावर सहा पॉलिनेशियन पुरुष व सुमारें डझनभर स्त्रियाहि होत्या, आणि यांतील कित्येकींना ताहितीहून फसवून पळवून आणलें होतें.

खलाशांनीं जमीन आपसांत वांटून घेतली. सहा पुरुषांच्या वांट्यास जमीन नाहीं, आणि मिळून तीनच स्त्रिया. (स्त्रियांना कोणीं विचारलें, हा प्रश्नच नको!) १७९३ त कत्तल झाली, ख्रिश्चनसह पांच गोरे पडले, पाठोपाठ ते सहाहि. पुढच्या वर्षीं कांहीं स्त्रियांनीं बेट सोडून जाण्यासाठीं नाव बांधली. जेनी नांवाच्या स्त्रीनें तर त्यासाठीं आपल्या घराच्या फळ्या उपटून दिल्या. नाव उलटली.

१८०८ त 'टोपॅझ' हें अमेरिकन जहाज येथें आलें, तेव्हां मूळच्या पुरुषांपैकीं जॉन ॲडम्स हा एकटाच उरला होता. पुढें कप्तानांनीं विचारावें आणि त्यानें सांगावें, असाच इतिहास लिहिला गेला. तोहि दरवेळीं निराळा. जेनी मात्र १८१७ त बेटावरून निघाली. तिची एक हकीकत १८२६ त आपल्या कलकत्त्याच्या 'बेंगॉल हरकारू' पत्रांत छापली गेली, ही गोष्ट आमच्याकडे फारशी कोणास ठाऊक नसावी.

मुलें वाढविलीं तीं या स्त्रियांनींच. बेटाच्या बोलींत इंग्रजीबरोबर ताहितीचे शब्द मिसळले ते त्यांच्याच तोंडून. १८३८ त बेटाचे कायदे झाले व स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीनें मताचा अधिकार मिळाला. ख्रिश्चनची विधवा मौआतुआ तेव्हां हयात होती. ती १८४१ त वारली.